आहेराची पोच

लग्नपत्रिका हातात पडली की भिलाईतल्या आमच्या सेक्टरमधल्या बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघायचा, "हे कोण बुवा?" आमच्या शेजारच्या वाटीवाल्या काकूंच्या घरात मात्र हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. पत्रिका कोणाचीही असो, काकू आधी ओले हात पदराला पुसायच्या, मग ती दोन्ही हातांनी घ्यायच्या आणि उभ्याउभ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. मुलाकडच्यांची नावं, मुलीकडच्यांची नावं, मामा-आत्यांची नावं आणि त्या सगळ्यांची गावं. शेगडीवरचं दूध उतू गेलं तरी त्या मान वर करायच्या नाहीत. वाचून झालं की म्हणायच्या, "भल्या मानसानं आठवन ठेवली हो."

आता हा भला माणूस बहुधा काकूंनी जन्मात पाहिलेला नसे. काका पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटच्या टाइम ऑफिसात, हजेरीचे कारकून होते. तीन पाळ्यांची माणसं त्यांच्या खिडकीपुढून जायची, त्यामुळे त्यांना पत्रिकाही तीन पाळ्यांच्या यायच्या. ज्याच्या घरी लग्न तो पिशवी भरून पत्रिका आणायचा आणि हजेरी लावणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवायचा. दहातले नऊ जण त्या पत्रिकेवर डबा ठेवून जेवायचे. काकाही तेच करायचे, पण घरी निघताना डब्याखालची पत्रिका झटकून खिशात घालायचे, कारण ती नेली नाही आणि नंतर कळलं तर घरात अबोला व्हायचा.

"अवं, कायची आठवन?" ते वैतागून म्हणायचे. "त्यानं पूर्ण खात्याले वाटल्या. खिडकीत कुत्रं उभं असतं तं त्यालेही देल्ली असती."

"असूद्या नं. पन लिफाफ्यावर तुमचं नाव लिवलं नं त्यानं? लिवता लिवता तेवढा वेळ तं तुमी त्याच्या मनात होते. तेवढ्या वेळाचं आपल्याकडून काही जायला पाह्यजे का नाई?"

 काका पेपर उघडायचे.

काकूंचं खरं नाव कुसुम बोरकर. वाटीवाल्या काकू हे नाव त्यांच्याच मुलीनं, माझ्या मैत्रिणीनं, वंदनानं ठेवलं आणि आम्ही दोघींनी ते सेक्टरभर पसरवलं. कारण असं की, दूरच्या ओळखीचं लग्न असो, बारसं असो की कोणाच्या मुलाची मुंज असो, काकूंचा आहेर ठरलेला होता. स्टीलची एक वाटी. लहानशी, पण जाड. पॉवर हाऊस भागातल्या बाजारात भांड्यांचं एक दुकान होतं, तिथला माणूस त्यांना पाहिल्याबरोबर वाट्यांची चळत काढून ठेवायचा. त्या प्रत्येक वाटी बोटानं वाजवून बघायच्या आणि कमीत कमी सात-आठ नापास करायच्या.

वाटीच का, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा मी आणि वंदना अकरावीत असू. काकू तूर निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "जवळच्या मानसाले काय द्याचं थे ज्याचं त्याले समजते. कठीन हाय दूरच्याचं. दूरच्याले भारी वस्तू देऊ नाई. थो बिचारा मंग विचार करत बसते का आता याइच्या घरी आपन काय न्याव. आपन त्याच्या आनंदात जाव, डोक्शात जाऊन बसू नाई."

त्या काळी भांड्यावर मशीननं नाव टाकून द्यायची फार हौस होती. आहेर पाच इंचांचा आणि देणाऱ्याचं नाव सात इंचांचं, असला प्रकार. आमच्याच घरी एक ताट होतं, त्यावर देणाऱ्या गृहस्थांनी नावाबरोबर आपला हुद्दाही टाकला होता आणि मला त्या हुद्द्यावर भात वाढून घ्यावा लागायचा. काकू वाटीवर फक्त नवरीचं किंवा बाळाचं नाव टाकायला लावायच्या, स्वतःचं कधीच नाही. "देनाऱ्याचं नाव कावून टाकाचं? वाटी घासता घासता तिनं रोज आपले उपकार आठवाव का?"

जाणं जमणार नसेल तर आठ दिवसांच्या आत पोस्टकार्ड गेलंच पाहिजे, हाही नियम होता. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या. वाचायच्या भराभर, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून त्या सांगायच्या आणि वंदना लिहायची. तुमसर, वणी, काटोल, उमरेड, बालाघाट. बदलून गेलेले शेजारी, त्यांचे व्याही, पॅसेंजरमध्ये दुर्ग ते गोंदिया एवढ्या प्रवासात ओळख झालेल्या बाया. मधल्या भिंतीपलीकडून मला वंदनाचा आवाज यायचा, "आई, अगं मागच्या कार्डात हेच लिहिलं होतं." आणि काकूंचा, "मंग का झालं? सुख तेच असते, तं शब्द नवे कुठून आनू?"

एकदा तर या बाईंनी कमालच केली. कँप-१ या वस्तीतून एक पत्रिका आली, साहू नावाच्या गृहस्थांच्या मुलाच्या लग्नाची. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, हा साहू त्यांच्या काही केल्या लक्षात येईना. काकू वाटी घेऊन निघाल्या, सोबत मी आणि वंदना. तिथं मोठ्या मांडवात आमचं आगतस्वागत झालं, पोटभर जेवण झालं, नवरीच्या हातात वाटी पडली आणि निघताना साहूजींनी हात जोडून विचारलं, "बोरकर साहब नहीं आए, बहनजी? रोलिंग मिल में आज छुट्टी नहीं मिली क्या?" तेव्हा आम्हाला उलगडा झाला. बोलावणं रोलिंग मिलच्या बोरकरांना होतं, त्यांच्या नावाचं पाकीट टाइम ऑफिसच्या बोरकरांच्या हाती आलं होतं. वंदनाला आणि मला हसू आवरेना. काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, "वो बोरकर दूसरे हैं भैया. लेकिन खाना बहुत अच्छा बना है." साहूजी आधी गोंधळले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. रस्त्यात मी म्हटलं, "काकू, आता कसं?" तर म्हणाल्या, "कसं म्हंजे? जेवलो नं आपन त्याइच्या घरी? मंग झाली ओळख." त्यानंतर साहूंच्या घरची एकही पत्रिका आमच्या काकूंना चुकली नाही.

इथपर्यंत लिहायला मला काही त्रास झाला नाही. पुढचं लिहायचं म्हणून हे कागद मी कितीदा तरी बाजूला ठेवले आहेत.

वंदनाचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरला शाळेत मास्तर होता, दिलीप नाव. काकूंच्या घरातलं पहिलं आणि शेवटचं कार्य, कारण वंदना एकुलती एक. काकूंनी ठरवलं की ज्यानं ज्यानं आजवर आपल्याला बोलावलं त्या प्रत्येकाला बोलवायचं. काका म्हणाले, "थ्यातले कोनी येनार नाई." काकू म्हणाल्या, "नाई येऊ द्या. आमच्या घरी आनंद हाय हे समजू तं द्या." मी आणि वंदना चार दिवस जमिनीवर बसून पत्ते लिहीत होतो. आपल्याच लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते लिहिताना ती कंटाळून म्हणाली होती, "नीलू, तुझ्या वेळी मी एकही पत्ता लिहिणार नाही, सांगून ठेवते." लग्नाच्या महिनाभर आधी सगळ्या पत्रिका पोस्टात पडल्या.

त्यानंतर दहाएक दिवसांनी वंदनाचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ. पथ्य झालं, औषध झालं, दवाखान्यात ठेवलं. लग्नाला नऊ दिवस उरले असताना ती गेली. सव्वीस वर्षांची होती. मला अजूनही हे वाक्य लिहिताना ते खोटं वाटतं.

जवळच्यांना तारा गेल्या. नागपूरला माणूस गेला. सेक्टरमध्ये तर सगळ्यांना कळलंच. पण पोस्टातून गेलेल्या त्या दूरच्या पत्रिकांची आठवण त्या आठवड्यात कोणालाही झाली नाही. कशी होणार होती?

लग्नाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तारवाला आला. तार म्हणजे आमच्या घरांत आधीच धस्स व्हायचं. उघडली तर शुभेच्छांची होती, वधूवरांना आशीर्वाद, उमरेडहून. तासाभरानं दुसरी आली. दुपारच्या टपालानं पार्सलं आली, कापडात शिवलेली, लाखेनं बंद केलेली. काका ती बघून मागच्या अंगणात जाऊन बसले. मी ती पार्सलं कुठं ठेवावी ते न सुचून तशीच हातात धरून उभी होते.

संध्याकाळी पाचला साहूजी आले. मुहूर्त गोरज होता, हॉलला कुलूप बघून ते विचारत विचारत क्वार्टरवर आले होते. कडक इस्त्रीचा सदरा, सोबत बायको, तिच्या अंगावर नवी साडी, हातात लाल कागदात बांधलेला आहेर. दारातूनच हसत म्हणाले, "बहनजी, जगह बदल दी क्या?" आणि मग त्यांना भिंतीजवळचा हार घातलेला फोटो दिसला. त्यांनी आहेर हळूच बायकोच्या पाठीमागे नेला. मोठा धिप्पाड माणूस, पण त्याचा चेहरा असा कोसळला की मला बघवेना. ते पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "हमको किसी ने बताया नहीं, बहनजी. हमको माफ कर दो."

काकू नऊ दिवसांत कोणाशी बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, सुतकातल्याच लुगड्यानं दारापर्यंत आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "लाइए भैया. उसके लिए लाए थे नं? तो इधरच रहने दीजिए." कोणी तरी मागून म्हणालं की सुतकात आहेर घेत नाहीत. काकूंनी ऐकलं नाही. दोन्ही हातांनी तो घेतला, साहूजींच्या बायकोच्या पाठीवरून हात फिरवला, आणि उलट त्यांनाच म्हणाल्या, "रोइए मत."

ते गेल्यावर मला म्हणाल्या, "पाह्यलं नं तू त्याचं तोंड? नवे कपडे घालून आला होता बिचारा." तेवढंच.

तेरवीनंतर त्यांनी मला बोलावलं. समोर पार्सलं उघडून ठेवली होती. ताटल्या, तांबे, डबे, एक फुलपात्र. बहुतेकांवर नावं टाकलेली होती, वंदना आणि दिलीप. देणाऱ्याचं नाव नसलेलीही दोन-तीन होती, काकूंच्याच वाटीवरून शिकलेली. शेजारी पोस्टकार्डांचा गठ्ठा. म्हणाल्या, "लिव."

मी लिहायला घेतलं, की कळवण्यास अत्यंत दुःख होते. काकूंनी माझा हात धरला.

"थे नको लिवू. आहेर पोचला, एवढंच लिव. फार आवडला म्हनून लिव."

"काकू, आणि वंदनाचं?"

"त्याइनं आनंदानं पाठोलं. कोनी पार्सल शिवलं असन, कोनी दुकानात गेलं असन. आता त्याइले इतक्या दूर बसून त्या साहूवानी रडवू का मी? थे लोकं आहेर पाठवून गुन्हेगार झाले का?"

मी लिहिलं. पंधरा-वीस कार्डं. "आहेर मिळाला. फार आवडला. सर्वांना नमस्कार." माझे डोळे वाहत होते, शाईवर पाणी पडू नये म्हणून मी कार्ड लांब धरून लिहीत होते. काका दार ओढून बाहेर निघून गेले.

ती भांडी परत करायचा प्रश्नच नव्हता. काकूंनी ती बाजारात नेली आणि दिलीपचं नाव तेवढं घासून काढवून घेतलं. "उद्या त्याचं लगन होईन. त्याच्या बायकोले कुठून समजलं का दुसऱ्याच्या घरी आपल्या नवऱ्याच्या नावाची भांडी हायेत, तं तिले कसं वाटन?" वंदनाचं नाव तसंच राहिलं. त्यानंतर त्या घरात मला कधी पाणी मिळालं की ते त्या तांब्यातून असायचं आणि मला त्यातलं अर्धंच पाणी पिता यायचं.

मला वाटलं होतं, एक कार्ड गेलं की संपलं. पण काकूंच्या ओळखी तशा संपणाऱ्या नव्हत्या. लोक पत्रं लिहायचे, पत्रिका पाठवायचे, आणि खाली विचारायचे, वंदना कशी आहे? जावई काय म्हणतात? काकू म्हणायच्या, "लिव, बरी हाय." मी लिहायचे, बरी आहे. तीन वर्षं हे चाललं. त्यांनी याहून जास्त एक शब्द कधी सांगितला नाही, मूल झालं म्हणाल्या नाहीत, घर बांधलं म्हणाल्या नाहीत. फक्त बरी आहे.

मग एक दिवस वणीच्या एका आजीबाईंनी हातानं विणलेलं स्वेटर पाठवलं. तान्ह्या बाळाचं, पांढरं, त्याला टोपी आणि मोजे. सोबत चिठ्ठी, की आमच्या ऐकण्यात काही नाही, पण आतापर्यंत झालं असेलच, नसेल तर होईल. त्या दिवशी माझा तोल सुटला. शाळेत दिवसभर शिकवून थकून आले होते, हेही खरं. मी म्हटलं, "काकू, आता पुरे. त्या म्हाताऱ्या बाईनं डोळे फोडून हे विणलंय. मी आज खरं लिहिणार आहे. तुम्ही त्यांना दुःख होऊ नये म्हणून म्हणता, पण हे त्यांच्यासाठी नाही. हे तुमच्यासाठी चाललंय."

बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. काकू रागावतील असं वाटलं. त्या रागावल्या नाहीत. स्वेटरची घडी गुडघ्यावर नीट करत म्हणाल्या, "हो बाई. माह्यासाठीच हाय. इथं तं सगळ्याइले मालूम हाय. मी दुकानात गेली तं लोकं बोलता बोलता चूप होतात. पन तिकडं, चार गावांत, माही पोरगी अजून नांदून राहिली. थे तरी राहू दे नं मले."

मी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं, स्वेटर मिळालं, फार सुंदर आहे. माझ्या मैत्रिणीसाठी मी आयुष्यात काय केलं असं कोणी विचारलं तर एवढंच सांगता येईल, की मी ती कार्डं लिहिली.

काका निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं. भिलाई-३ ला त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं. मी सेक्टरमध्येच होते, नवराही प्लांटमधलाच मिळाला. महिन्यातून एका रविवारी स्कूटरवरून तिकडे जायचे, नजर अधू झालेल्या काकूंना साठलेली पत्रं वाचून दाखवायचे, उत्तरं लिहायचे. मी लिहायला बसले की काका पायात चपला सरकवून बाहेर पडायचे. "तुमचा पागलपना चालू द्या," म्हणायचे. काकूंचा हात आता थरथरायचा, पण वाटी वाजवून बघायची सवय गेली नव्हती.

एका हिवाळ्यात, दुपारी, जेवून आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत.

कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी काकांच्या नावानं कार्डं लिहिली, रीतीप्रमाणे प्रत्येकाचा कोपरा फाडला, म्हणजे हातात पडताच वाचणाऱ्याला कळावं. काकूंनी आयुष्यभर ज्यांना फक्त आनंदाची कार्डं पाठवली, त्यांच्याकडे पहिल्यांदाच कोपरा फाडलेलं कार्ड जात होतं. जवळच्या नातेवाइकांच्या आधी मी त्या दूरच्यांना लिहिलं, कारण काकूंनी तसंच केलं असतं.

तेरवी झाल्यावर पुढच्या रविवारी गेले. काका खाटेवर बसले होते आणि समोर आलेली उत्तरं पसरली होती. त्यांनी एकही मला वाचायला दिलं नाही, सगळी स्वतः वाचली होती. मग त्यातलं एक अंतर्देशीय पत्र उचलून माझ्यापुढे धरलं. वरचा पत्ता काकांचा होता. नाव मात्र होतं, चि. सौ. वंदनाताई.

काटोलहून कोण्या बाईंनी लिहिलं होतं. "तुझा सासरचा पत्ता आमच्याजवळ नाही, म्हणून माहेरीच पाठवते. आई गेल्याचं दुःख काय असतं ते मला माहीत आहे. रडून घे. पण आता बाबा एकटे पडले. संसारातून सवड काढून अधूनमधून येत जा. त्यांना तुझ्याशिवाय कोण आहे?"

तसली अजून चार होती.

मला वाटलं, आता काका म्हणतील, झालं नं समाधान, आता तरी खरं लिहून टाक. मी तयारही होते. वाटी देणारी गेली, आता कोणासाठी लपवायचं? मी पर्समधून पेन काढलं आणि वाट बघत बसले.

काकांनी चपला पायात सरकवल्या नाहीत. ते म्हणाले, "याले उत्तर जायला पाह्यजे. आठ दिवस होऊन राहिले."

"काय लिहू, काका?"

"थ्या बाईनं ज्याले लिवलं, त्यानंच उत्तर द्याव नं?"

 मग मी लिहायला घेतलं. "तुमचं पत्र मिळालं. आईला शेवटी काही त्रास झाला नाही, झोपेतच गेली. ती तुमची नेहमी आठवण काढायची. बाबांची काळजी करू नका. मी येत जाईन." खाली मी तिचं नाव लिहिलं. वंदना. 

"वाच बरं," काका म्हणाले.

मी वाचून दाखवलं.  काकांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन स्वतः पुन्हा एकदा वाचलं, आणि घडी घालून माझ्याकडे परत दिलं.

"चांगलं लिवलं वंदीनं," ते म्हणाले.